जुना कॅम्पर ट्रेलर घ्यायचाय, पण मागच्या कोपऱ्यात फ्लोअर दबतंय: घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहता, घरी तुम्ही दोघं आणि आठ व अकरा वर्षांची दोन मुलं. जूनमध्ये नाशिकहून आई-बाबा येणार आहेत. त्यांना स्मोकी माउंटन्स दाखवायचेत, जमलं तर उत्तर मिशिगनही. सहा जणांच्या हॉटेलचा हिशोब पाहून ट्रेलरचा विचार सुरू झाला आणि २०१३ चा, २२ फुटी, दोन ॲक्सलचा, मागे बंक बेड असलेला एक ट्रेलर ७,५०० डॉलरला मिळतोय. मागच्या डाव्या कोपऱ्यात बंकखाली ताटाएवढ्या जागेत फ्लोअर दबतं. मालक म्हणतो, पोरं तिथे ओले बूट काढायची, प्लायचा एक तुकडा टाकला की झालं. ओढायला २०१८ ची होंडा पायलट, ऑल व्हील ड्राइव्ह. दुरुस्तीला किती खर्च येईल आणि ती घरच्या घरी जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी शेजारच्या इंडियानात राहतो, एल्कहार्टपासून फार लांब नाही. उत्तर अमेरिकेतले बहुतांश ट्रेलर आणि मोटरहोम याच पट्ट्यातल्या कारखान्यांतून बाहेर पडतात. जुने ट्रेलर घ्यायचे, उघडून दुरुस्त करायचे आणि विकायचे, हा माझा बऱ्याच वर्षांचा जोडधंदा. त्यामुळे तुमचा तो दबणारा कोपरा न बघताही माझ्या ओळखीचा आहे. पण खर्चाआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: एवढं वजन तुमची गाडी ओढेल का, आणि त्या कोपऱ्यात पाणी आलं कुठून. या दोन्हींची उत्तरं बरी आली तरच किमतीवर घासाघीस करण्यात अर्थ आहे. फ्रिज, एसी, गाद्या, पंप, स्टोव्ह, सगळं दुकानात मिळतं आणि बदलता येतं. कुजलेलं लाकूड बदलायचं तर ट्रेलर उसवावा लागतो.

आधी गाडी. पायलटची मर्यादा ५,००० पौंड आहे हे बरोबर, तरी एवढं ओढण्यासाठी ट्रान्समिशन कूलर वगैरे काय काय लागतं ते मॅन्युअलमध्ये वाचून घ्या. जाहिरातीत ट्रेलरचं वजन ३,९०० दिलंय, म्हणजे अकराशे पौंड हातात उरले असा तुमचा हिशोब. पण ३,९०० हे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात बॅटरी बहुधा नसते, सिलिंडरमधला गॅस नसतो, आणि आधीच्या मालकांनी मागाहून ठोकलेलं काहीच नसतं. एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांच्या वर भरतं, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरून निघालात की अडीचशे पौंड तिथेच गेले. मग भांडी, कुकर, पांघरुणं, खुर्च्या, सायकली, आणि आईंनी सोबत घ्यायला लावलेले डबे. भरलेला ट्रेलर ४,७०० च्या खाली राहील असं मला वाटत नाही.

बरं, हे वजन नुसतं मागून ओढायचं नसतं. त्याचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवरून, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायच्या जोडावरून, थेट गाडीवर येतो. याला टंग वेट म्हणतात. तो दहा टक्क्यांच्या खाली गेला, म्हणजे सामान ट्रेलरच्या मागच्या भागात जास्त झालं, की हायवेवर ट्रेलर झुलायला लागतो आणि गाडीचं मागचं टोक स्वतःबरोबर ओढतो. म्हणून मी नेहमी १२ टक्के धरतो. ४,७०० चे १२ टक्के म्हणजे ५६० च्या वर पौंड, आणि पायलटवर टंग वेट ५०० च्या पुढे जायला नको. पहिली अडचण इथेच आली.

दुसरी अडचण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली आहे. तिथल्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून गाडीवर किती भार चालेल तो आकडा असतो. पायलटच्या आकाराच्या गाड्यांत तो साधारण १,३०० ते १,५०० पौंडांच्या दरम्यान असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा आत्ताच उठून वाचा. आता बेरीज करा: सहा माणसं मिळून साडेसातशे, टंग वेट ५६०, हिचचं लोखंड पन्नास-साठ. झाले पावणेचौदाशे, आणि अजून गाडीत एक बॅगही ठेवलेली नाही. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तर आत माणसं किती, त्यानुसार ओढायची मर्यादा कमी कमी होत जाणारा तक्ताच असतो. तोही बघा.

सपाट रस्त्यावर हे सगळं चालून गेल्यासारखं वाटतं. कोलंबसहून स्मोकीला जाताना आय-७५ वर केंटकी संपून टेनेसी सुरू झालं की जेलिको माउंटन लागतो. तिथे उतारावर मागून पाच हजार पौंड ढकलत असताना पायलटला काय झेपतं ते कळतं. उत्तरेला जाल तर मॅकिनॉ ब्रिजवर वारा वाढला की ट्रेलरवाल्यांना एस्कॉर्टच्या मागून सोडतात, कधी थांबवूनही ठेवतात.

त्यामुळे सहा जण आणि हा ट्रेलर एकाच पायलटला लावायचा, याला माझं उत्तर नाही असंच आहे. चार जण, पाण्याची टाकी रिकामी (कॅम्पग्राउंडला पोचून भरता येते), सामान मोजून: तर कसंबसं काठावर. तुमच्याकडे दुसरी गाडी आहे असं तुमच्या लिहिण्यात ओझरतं आलंय. मग सरळ दोन गाड्या न्या. एकाने ट्रेलर ओढायचा, जोडीला फार तर थोरलं मूल. आई-बाबा आणि धाकटं दुसऱ्या गाडीत. सत्तरीच्या माणसांना तेच सोयीचं, हवं तिथे थांबता येतं. बाकी मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्यांचा वजनकाटा असतो, पंधरा डॉलरच्या आसपास घेतात. पहिल्याच प्रवासाला भरलेला ट्रेलर तिथे नेऊन खरं वजन बघा आणि मगच पुढे जा. एवढ्या ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात, त्यांच्यासाठी गाडीत ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावणारं यंत्र) आणि मागे सात पिनांचा सॉकेट हवा. चार पिनांवर फक्त दिवे लागतात.

आता तो कोपरा.

ओल्या बुटांनी फ्लोअर कुजत नाही असं नाही, पण मग ते दाराशी कुजतं. बंकखाली, मागच्या कोपऱ्यात, वाकून बूट काढायला कोण जातं? मालक खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. त्याला खरंच माहीत नसेल, कारण ट्रेलरमध्ये पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. छत म्हणजे पातळ प्लायवर चिकटवलेला रबराचा पापुद्रा, ईपीडीएम किंवा टीपीओ. हा पापुद्रा सहसा मधेच फाटत नाही. पाणी जातं ते जिथे त्याला भोक पाडलंय किंवा जिथे तो संपतो तिथून: व्हेंट, स्कायलाइट, अँटेना, एसीची चौकट आणि सगळ्यात जास्त म्हणजे छत आणि भिंत मिळतात ती कड. तिथे सीलंट असतं, ते उन्हाने कडक होतं आणि त्याला केसाएवढी चीर जाते. ओहायोच्या हिवाळ्यात त्या चिरेत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं, चीर रुंद होते, आणि पुढच्या पावसात आणखी पाणी आत. ते पत्र्याच्या मागे लाकडी खांबावरून उतरत खालच्या आडव्या फळीवर साचतं. आतलं पॅनेल वर्षभर कोरडंच दिसतं. पायाखाली फ्लोअर दबायला लागतं तोपर्यंत भिंतीतलं लाकूड आधी गेलेलं असतं. म्हणून आत ताटाएवढं दिसतंय तर उघडल्यावर त्याच्या तिप्पट निघेल असंच धरून चला.

किती निघेल हे ट्रेलर कसा बांधलाय त्यावरही आहे, आणि फोटोत ते कळत नाही. बाहेरून पन्हळी पत्रा असेल तर आत लाकडी चौकट असते. ती उघडता येते, फळी बदलता येते, पत्रा परत लावता येतो. बाहेरून गुळगुळीत फायबरग्लास असेल तर भिंत म्हणजे फायबरग्लास, फोम आणि पातळ प्लाय एकत्र दाबून चिकटवलेला एकच जाड थर. त्यात पाणी गेलं की थर सुटतात आणि बाहेर फुगवटे येतात. भिंतीला गाल लावून टॉर्चचा उजेड तिरपा मारा, लाट असेल तर लगेच दिसते. असे फुगवटे असलेला ट्रेलर मी फुकटही घेत नाही, कारण ती भिंत दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. तुमचा फायबरग्लासचा असेल आणि त्या कोपऱ्याशी लाट दिसली, तर पुढचं वाचायची गरज नाही.

पत्र्याचा आहे असं धरून सांगतो. पाहायला जाताना पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. शक्यतो कडाक्याच्या थंडीत नको, लाकडातलं पाणी गोठलेलं असेल तर मीटर खोटं सांगतो. सोबत शिडी, टॉर्च, साधा स्क्रू ड्रायव्हर आणि तीस-चाळीस डॉलरवाला मॉइश्चर मीटर. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की खिडक्या उघडून ठेवू नका. दार उघडल्यावरचा पहिला वास फार कामाचा असतो. कुबट वास आला तर कुठे ना कुठे बुरशी आहेच, आणि रूम फ्रेशनरचा भपका आला तर मला जास्तच शंका येते. तसाच नवा कोरा रंग. हल्ली सगळ्या जुन्या ट्रेलरना आतून पांढरं फासून, नवा व्हायनल टाकून, चार कुंड्या ठेवून विकायची टूम आहे. त्या पांढऱ्या रंगाखाली डाग किती होते हे विकणाऱ्यालाच माहीत. तुमच्या ट्रेलरचं इंटीरियर जुनंच आहे, ही माझ्या मते चांगली गोष्ट आहे.

मीटर आधी खात्रीने कोरड्या ठिकाणी लावा, मधल्या कपाटाच्या आत वगैरे. तिथे आठ ते बारा टक्के यावेत. मग मागच्या भिंतीवर खालून वर, एकेक वीत सोडून. पंधराच्या खाली ठीक, वीसच्या वर ओलं. खिडकीच्या खालचे कोपरे, बाहेरच्या नारिंगी-लाल दिव्यांच्या मागची जागा, छताची कड आणि बंकच्या गाद्या उचलून त्याखालचा प्लाय, काही सोडू नका. मग शिडीवर चढा, पण छतावर पाय देऊ नका, शिडीवरूनच बघा. मागच्या कडेवरचं सीलंट हाताने दाबा. मऊ आणि चिकटलेलं असेल तर बरं, कडक आणि तडकलेलं असेल तर पाण्याचा रस्ता सापडला.

त्यानंतर खरी परीक्षा. बाहेरच्या कोपऱ्यावर वरपासून खालपर्यंत ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिच्या खाचेत प्लॅस्टिकची लांब फीत बसवलेली असते. मालकाला विचारून ती फीत खालच्या टोकाकडून दोनेक फूट बाहेर ओढा. आत स्क्रूंची डोकी एका रांगेत दिसतील. चकचकीत असतील आणि स्क्रू ड्रायव्हरने घट्ट लागत असतील तर मागचं लाकूड शाबूत आहे. तांबूस गंजलेली असतील आणि स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल तर त्याला धरून ठेवायला मागे काही उरलेलं नाही. असा एक स्क्रू पूर्ण काढून पाहा. टोकाकडे गंजून निम्मा झालेला असतो, आणि आट्यांत काळा ओलसर भुसा अडकलेला. हे फक्त खालच्या फूट-दीड फुटात असेल तर दुरुस्ती आटोक्यातली आहे. कोपऱ्यात वरपर्यंत असंच असेल, किंवा मागच्या अख्ख्या भिंतीवर मीटर वीसच्या वर जात असेल, तर मालकाला नमस्कार करा आणि निघा. मागची भिंत बंकचं वजन पेलते, त्यावर तुमची मुलं झोपणार आहेत.

स्वतः बघायचा धीर होत नसेल तर तपासनीस मिळतात. एनआरव्हीआयए म्हणून त्यांची राष्ट्रीय संघटना आहे, तिथून जवळचा माणूस शोधता येतो. काहीशे डॉलर घेतात. ७,५०० च्या ट्रेलरसाठी हे जास्त वाटेल, पण फोटोंसकट लेखी रिपोर्ट हाती असला की किमतीत तेवढे पैसे सुटतात.

दुरुस्ती घरी जमेल का? कोपऱ्यापुरती असेल तर हो. सुतारकामाची थोडी सवय, एक करवत, एक ड्रिल आणि सलग तीन-चार वीकेंड हवेत. क्रम मात्र बदलू नका: आधी छत, मग कोपऱ्याची पट्टी आणि भिंत, मग फ्लोअर. मालक म्हणतो तसा नुसता प्लायचा तुकडा टाकलात तर पुढच्या वर्षी तोही कुजेल, कारण पाणी चालूच आहे. छताच्या कडेचं सुटलेलं जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, पुसून कोरडं करा आणि रबरी छतासाठी मिळणारं स्वतः पसरणारं लॅप सीलंट भरा. डायकोरचं सगळीकडे मिळतं, कुठलंही घ्या, फक्त तुमच्या छताच्या प्रकाराला चालतं का ते ट्यूबवर वाचा. घराच्या बाथरूमचं सिलिकॉन इथे आणू नका. ते रबरावर नीट धरत नाही, आणि एकदा लागलं की त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. आधीच्या मालकाने सगळीकडे सिलिकॉन फासलेला ट्रेलर आला की माझा अर्धा दिवस ते खरवडण्यातच जातो. पेट्रोल, थिनर असलं काही ईपीडीएमवर लावू नका, रबर फुगतं.

मग कोपऱ्याची पट्टी उतरवा, मागची वाळलेली पुटी काढा, आणि पत्रा खालून सैल करून कुजलेला खांब व आडवी फळी उघडी करा. स्क्रू ड्रायव्हर टोचत टोचत जा, टोक घुसायचं थांबेल तिथून पुढे आणखी सहा इंच कापा. मग लगेच नवीन लाकूड घालायचं नाही. पंखा आणि डीह्युमिडिफायर लावून आठवडाभर वाळू द्या, मीटर पंधराच्या खाली आला की मगच. ओल्या लाकडावर कोरडं लाकूड मारणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. फ्लोअरचा नवा तुकडा खालच्या आडव्या लाकडांवर टेकायला हवा, अधांतरी नको. कडेला आधाराची पट्टी स्क्रूने आणि गोंदाने लावा. कोपऱ्याची पट्टी परत लावताना तिच्या मागे ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ चिकट टेप), स्टेनलेस स्क्रू, बाहेर आलेली टेप दुसऱ्या दिवशी कापायची, वरच्या कडेला सीलंट, आणि प्लॅस्टिकची नवी फीत. जुनी आखडलेली असते, ती परत वापरू नका. लाकूड, फोम, टेप, सीलंट मिळून चार-पाचशे डॉलरमध्ये भागावं. हेच काम वर्कशॉपला दिलं तर तासाला दीडशेच्या आसपास मजुरी आणि तास पंचवीस-तीस सहज, म्हणजे चार हजारांच्या वर. तेव्हा हे काम स्वतः करणार नसाल तर हा ट्रेलर तुमच्यासाठी नाही, किंमत कितीही उतरली तरी. तुमच्याकडून एल्कहार्ट-गोशेन भाग गाडीने चारेक तासांवर आहे. इथे कारखान्यांतला उरलेला माल विकणारी सरप्लसची दुकानं आहेत, पट्ट्या, दारं, खिडक्या निम्म्या किमतीत मिळून जातात.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. टायरच्या कडेला डॉट कोड असतो, शेवटचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. कधी कधी हा कोड आतल्या बाजूला असतो, तेव्हा खाली आडवं व्हा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी सहा वर्षांपुढचे टायर मी हायवेवर नेत नाही. उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, सुकून फुटतात, आणि फुटताना वरचा पत्रा फाडून नेतात. चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस कधी भरलं हे मालकाला सांगता आलं नाही तर कधीच भरलं नाही असं समजा आणि घरी नेण्याआधी करून घ्या.

फ्रिज गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा असेल, तो थंड व्हायला कित्येक तास लागतात. म्हणून आदल्या रात्रीच चालू करून ठेवायला सांगा. बाहेरून त्याच्या मागची जाळी काढल्यावर पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा वास आला तर तो गेला, हजार-दीड हजार डॉलर बाजूला ठेवा. पाण्यासाठी सोपी चाचणी: टाकीत थोडं पाणी भरून पंप चालू करा, नळांतून हवा जाऊ द्या, सगळे नळ बंद करा. पंप थांबेल. पाचेक मिनिटं आत गप्प बसा. कोणी नळ उघडला नसताना पंप मधेच घरघरला तर कुठेतरी गळती आहे, बहुधा एखाद्या हिवाळ्यात पाइपात पाणी राहून फुटलंय. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर मागे तारीख असते, पाच-सात वर्षं हे त्यांचं आयुष्य. मूळ २०१३ चेच असतील तर न बघता बदला. सिलिंडरच्या कॉलरवर बनवल्याची तारीख ठोकलेली असते, बारा वर्षं उलटली असतील तर भरून देत नाहीत, दुकानात बदलून घ्या. कुठे काही रिकॉल (दोषामुळे कंपनीने परत बोलावणं) निघालंय का ते एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा खात्याच्या साईटवर ब्रँड, मॉडेल आणि वर्ष टाकून बघा.

वीज: ट्रेलरचा ३० अँपचा प्लग १२० व्होल्टचा असतो. घरी इलेक्ट्रिशियनकडून त्याच्यासाठी सॉकेट बसवून घेणार असाल तर हे त्याला दोनदा सांगा. तीन जाड पिना बघून ड्रायरसारखं २४० व्होल्ट जोडून देणारे आहेत, आणि मग ट्रेलरमधलं सगळं एका क्षणात जळतं.

आई-बाबांचा विचार करून दोन गोष्टी तिथेच बघून घ्या. चढायच्या पायऱ्या उंच आणि हलत्या असतात, दाराशी हँडल आहे का. आणि टॉयलेटमध्ये बाबा बसू-उठू शकतील का, हे स्वतः आत जाऊन, दार लावून पाहा. फोडणीचं म्हणाल तर आत घातली की स्मोक अलार्म वाजणारच. बाहेर ठेवायची एक छोटी शेगडी घ्या, आतल्या छताला तेलकट थरही बसत नाही.

किंमत. कोपऱ्याची दुरुस्ती पाचशे, चार टायर बसवून तेवढेच, बेअरिंग आणि ब्रेक तीनशे, बॅटरी आणि अलार्म अडीचशे, छताचं सीलंट दोनशे. झाले साडेसतराशे, तेही मजुरी स्वतःची धरून. हिच आणि ब्रेक कंट्रोलर वेगळे. शिवाय उघडल्यावर निघणाऱ्या गोष्टींसाठी काहीतरी राखून ठेवायला हवं. मी असतो तर ५,००० पासून बोलणी सुरू केली असती आणि ५,५०० च्या वर गेलो नसतो. मालक ऐकणार नाही कदाचित, मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांना ट्रेलर हवा असतो. हाच ट्रेलर ऑक्टोबरमध्ये, हिवाळाभर कुठे ठेवायचा या विवंचनेत असलेल्या माणसाकडून, बराच स्वस्त मिळतो. कागदांत टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, ट्रेलरवरच्या स्टिकरशी आकडा-आकडा जुळवा आणि कर्ज बाकी नाही ना ते बघा. ओहायोत टायटलवर विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते, त्यामुळे ड्राइव्हवेत उभ्या उभ्या व्यवहार उरकू नका. आणि तुमच्या सोसायटीचे नियम आजच वाचा. बऱ्याच एचओए (घरमालकांच्या सोसायट्या) ड्राइव्हवेवर ट्रेलर उभा करू देत नाहीत, मग स्टोरेजचं महिन्याचं भाडं आलं, आणि तिथे उभ्या ट्रेलरवर करवत चालवू देतीलच असं नाही.

राहिला वेळ. आत्ता मार्च आहे. बहुतेक सीलंटना पन्नास अंश फॅरेनहाइटच्या वरचं कोरडं हवामान लागतं, म्हणजे छताचं काम एप्रिलच्या मध्याआधी नीट होणार नाही. मग वाळवणं, भिंत, फ्लोअर. नोकरी सांभाळून वीकेंडला करणाऱ्याला मे संपतो, आणि उघडल्यावर जास्त निघालं तर जून हातातून गेला. म्हणून ट्रेलर चांगला निघाला आणि घेतलात, तरी आई-बाबांच्या या फेरीचा बेत त्याच्यावर ठरवू नका. स्मोकीजवळ गॅटलिनबर्ग-पिजन फोर्जच्या आसपास केबिनी भाड्याने मिळतात, ओहायोच्या स्टेट पार्कांतही आहेत. सहा जणांच्या जूनमध्ये भराभर जातात, तेव्हा एक आत्ताच धरून ठेवा. रद्द करावी लागली तर थोडे पैसे कापतील, पण निम्मी भिंत उघडी असलेल्या ट्रेलरसमोर उभं राहून नाशिकच्या फोनला उत्तर देण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. फीत ओढल्यावर स्क्रू कसे दिसले ते फोटोसकट टाका, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.